तीन नंबर मशीनवरच्या चोवीस सीड्या

१

ते साल एकोणीसशे नव्व्याण्णव. तेव्हा सीडीचं कौतुक होतं. लोक ती काठाला धरून उचलायचे आणि आलागेला दिसला की त्याला तिच्यातलं इंद्रधनुष्य दाखवायचे. गावाबाहेरच्या त्या कारखान्यात दिवसाला वीस हजार सीड्या निघत, पण त्या घडवणाऱ्यांपैकी एकालाही आत काय आहे ते ऐकायला फुरसत नसे.

ऐकायच्या त्या एकट्या आक्का. तपासणीची खोली त्यांच्या ताब्यात होती. वय पन्नास, चष्मा जाड, जीभ त्याहून थोडी पातळ. नवीन माल लागला की पहिली सीडी त्या कानाला लावून बसत आणि यंत्र आपणहून थांबेपर्यंत उठत नसत. शेवटचं गाणं संपलं तरीही नाही. “शांतताही मालातच धरायची,” असं त्या म्हणत. लोक हसत.

त्या सोमवारी सकाळी मालकांचं बोलावणं आलं. केबिनमध्ये एक पन्नाशीचे गृहस्थ बसले होते. शर्ट कडक इस्त्रीचा, पण कॉलर आतून उसवलेली. घरात दुसरं माणूस नाही, हे आक्कांनी तिथेच ओळखलं.

“हे गाणाऱ्या बाईंचे धाकटे चिरंजीव,” मालक म्हणाले.

गाणाऱ्या बाई म्हणजे अंगाईगीतं गाणाऱ्या. आपल्या पिढीतली निम्मी पोरं त्यांच्याच आवाजावर झोपली. सव्वा महिन्यापूर्वी त्या गेल्या, आणि त्यांच्या शेवटच्या बारा अंगायांची सीडी मुलानं याच कारखान्यात काढून घेतली होती.

मुलानं एक सीडी यंत्रात घालून थेट शेवटचं गाणं लावलं. बारावं गाणं संपलं. खुर्ची करकरली. मग गाण्यातला नव्हे, घरातला आवाज आला. थकलेला.

“झालं ना रे? बरं. हे बघ, बंदरावर जाणारं कुणी असलं तर मोठीला निरोप दे. म्हणावं, राग सोड आता. एकदा येऊन जा चार दिवस—”

मुलानं बटण दाबलं. “बस्स.”

आक्कांचा हात यंत्राकडे गेला. “अजून थोडं—”

“पुरे आक्का,” मालक म्हणाले.

मुलगा म्हणाला, “गाणं संपल्यावरचं सगळं कापा, असं मी तुम्हाला लेखी दिलं होतं. तुम्ही नवीन नमुना पाठवलात, मी पसंत केला. आता बंदरावरच्या दुकानदाराचा फोन येतो, की शेवटी कुणी म्हातारी बोलते म्हणून गिऱ्हाईक सीडी परत देऊन गेलं. आमच्या घरातलं बोलणं आता दुकानात विकायचं का?”

“बाकीच्या पेट्या?” आक्कांनी विचारलं.

“बाकी सगळ्या ठीक आहेत. त्या एकाच पेटीतल्या चोवीस अशा.”

मालकांनी कपाळ चोळलं. “शनिवारी दुपारपर्यंत मी तुम्हाला नाव देतो.”

“शनिवारपर्यंत थांबतो. नंतर सगळा माल परत येईल, आणि का परत आला ते मी प्रत्येकाला सांगेन.”

ते गेल्यावर मालक हळूच म्हणाले, “आक्का, शोधा. पण मला भीती वाटते, बोट वस्तादांकडेच जाणार.”

२

सीडी कशी होते हे माहीत असेल तरच यातली गोम कळते. आधी एका काचेवर गाणं प्रकाशानं कोरतात. त्या काचेवर निकेल चढवून पातळ पत्रा काढतात, त्याला स्टॅम्पर म्हणायचं. तो मोल्डिंग मशीनच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, बसवला, की वितळलेलं प्लॅस्टिक त्यावर दाबलं जातं आणि चार-पाच सेकंदांना एक सीडी पडते. पुढे तिला चांदीसारखा मुलामा आणि वर छपाई. एका स्टॅम्परवरून हजारो सीड्या निघतात आणि त्या सगळ्या एकसारख्या. मधल्याच चोवीस निराळं बोलू लागल्या, तर मध्येच कुणीतरी स्टॅम्पर बदललेला असणार.

आक्कांनी ती सीडी दिव्याखाली धरली. मधल्या भोकाभोवती काचेसारखं एक कडं असतं, त्यात बारीक आकडा असतो. तो स्टॅम्परचा. त्याच कड्यात डायची धुरकट खूणही उठते. ही खूण तीन नंबर मशीनची होती. आकड्याच्या शेवटी एक होता. पसंत झालेल्या मालावर दोन असायला हवा.

म्हणजे हा पहिला स्टॅम्पर. बोलणं कापायच्या आधीचा. तो तर कातरीनं कापून भंगारात टाकला होता, आणि वहीत तशी सही होती. सही वस्तादांची.

वस्ताद तीन नंबरचे चालक. याच इमारतीत काळ्या तबकड्या निघत तेव्हापासूनचे, एकतीस वर्षं झालेले. निवृत्तीला चार महिने राहिले होते.

आक्का भंगाराच्या पेटीपाशी गेल्या. एक स्टॅम्पर दोन तुकड्यांत पडलेला होता. त्यांनी फाटलेली चिठ्ठी जुळवावी तसे ते तुकडे जुळवले आणि चष्मा वर केला.

आकडा अंगाईचा नव्हताच. कुठल्याशा इंग्रजी शिकवणीच्या जुन्या, झिजलेल्या स्टॅम्परचा होता. वस्तादांनी खोटी सही केली होती.

३

आक्का आधी पंडितांकडे गेल्या. काचेच्या खोलीतले हे कारागीर पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या कपड्यात असत, फक्त डोळे दिसत. विचारल्याशिवाय सल्ला देत, म्हणून पंडित.

“मी बदलला म्हणता?” पंडित हसले. “आक्का, मला घरातला बल्ब बदलता येत नाही. बायकोला विचारा.”

“मागच्या गुरुवारी दुपारी कुठे होतात?” तीन नंबरच्या तक्त्यावर गुरुवारी दुपारी बारा पन्नास ते एक पस्तीस मशीन बंद असल्याची नोंद होती.

“आतच होतो. आमच्या दारात आत-बाहेरची वेळ आपोआप उमटते, बघून घ्या. बारा ते तीन. डबासुद्धा तसाच राहिला.” मग त्यांचा आवाज उतरला. “पण त्या पत्र्यात काय आहे हे माहीत असणारे आपण दोघंच ना? मी कोरलं आणि तुम्ही ऐकलं.”

आक्कांना आठवलं, दोघंच नव्हेत. पहिली नमुना सीडी ऐकली त्या दिवशी त्या डबा खायला बसल्या तेव्हा डोळे कोरडे नव्हते. “काय झालं आक्का?” असं विचारल्यावर त्यांनी बाईंचं ते बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं होतं. टेबलाला वस्ताद होते आणि छपाईवाला रंगारी होता. म्हणजे ठिणगी त्यांच्याच तोंडून पडली होती.

रंगारी चाळिशीचा, एकटा राहणारा, बोटांना कायम तीन रंग लागलेले.

“रंगाऱ्या, बंदरावरची पेटी कुणी भरली?”

“पॅकिंगच्या बायकांनी. माझ्याकडून सीड्या तोंडाला रंग लावून पुढे जातात. पोटात काय आहे ते नवऱ्याला कळत नाही, मला काय कळणार?”

“चावटपणा पुरे. गुरुवारी दुपारी?”

“जेवत होतो की. तुम्ही समोर नव्हता, म्हणून निवांत जेवलो.” तो हसला, पण रंगाचा एक डबा पुसायला लागला. तो डबा आधीच स्वच्छ होता.

वस्ताद मशीनपाशी उभे होते.

“वस्ताद, गुरुवारी मशीन का थांबलं?”

“तक्त्यावर लिहिलंय. दाणे ओले होते.”

प्लॅस्टिकचे दाणे ओले असले की सीडीत चांदीच्या रेघा उठतात, हे आक्कांना पाठ होतं. थांबण्याआधीची आणि नंतरची सीडी त्यांनी पाहिली होती. दोन्ही नितळ. दाणे सुकवायच्या यंत्राचा काटाही दिवसभर जागचा हलला नव्हता.

“वस्ताद, दाणे कोरडे होते.”

मशीन सीडीमागून सीडी टाकत राहिलं. वस्तादांनी त्याच्याकडेच बघत म्हटलं, “मग लिही. मीच केलं. पत्रा मी ठेवून घेतला आणि मीच लावला.”

“का?”

“म्हातारा झालो. लागली लहर.”

“एकतीस वर्षांत कधी लहर लागली नाही ती?”

“आक्का, तू मला धाकट्या बहिणीसारखी. जास्त खोदू नकोस. शनिवारी माझं नाव दे.”

४

मंगळवार गेला, बुधवार गेला. कारखान्यात कुजबुज फिरली. वस्ताद एकटे डबा खाऊ लागले. ज्या माणसानं अर्ध्या कारखान्याला मशीन शिकवलं, त्याला चोर म्हणून चार महिने आधी दाराबाहेर काढणार, आणि तो स्वतःच मान पुढे करणार! आक्कांना घास गोड लागेना.

गुरुवारी त्यांनी दोन सीड्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक पसंत मालातली, एक बंदरावरची. एकाच मशीनच्या, एकाच डायच्या. पहिलीवरचा आकडा आणि डायची खूण एका नजरेत वाचून झाली. दुसरी वाचताना त्यांनी सवयीनं ती बोटांत अर्धी फिरवली.

फिरवली, आणि हात तसाच थांबला. फिरवावी का लागली?

स्टॅम्पर गोल. डायमध्ये तो कसाही बसतो, आकडा वर आला काय, खाली आला काय, गाण्याला फरक पडत नाही. पण पाच वर्षांपूर्वी आक्का एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, “दिवसाला शंभर सीड्या फिरवून फिरवून डोळे फुटायची वेळ आली. आकडा एकीकडे, खूण दुसरीकडे!” वस्ताद तेव्हा काही बोलले नव्हते. पण दुसऱ्या दिवसापासून तीन नंबरच्या प्रत्येक सीडीवर आकडा डायच्या खुणेला खेटून येऊ लागला. बाईमाणसाचे डोळे वाचावेत म्हणून ते स्टॅम्पर बसवताना आकडा वरच्या बाजूला, खुणेपाशी नेऊन ठेवत. पाच वर्षांत एकदाही चुकले नव्हते. आक्कांनी त्याबद्दल कधी आभार मानले नव्हते, मानले असते तर ते लाजले असते.

बंदरावरच्या सीडीवर आकडा खुणेच्या बरोबर समोर होता. अगदी तळाला.

म्हणजे तो पत्रा वस्तादांनी बसवलाच नव्हता.

तपासणीच्या खोलीत एक कपाट होतं. कारखाना सुरू झाल्यापासून निघालेल्या प्रत्येक मालाची एकेक सीडी त्यात होती. आक्का स्टुलावर चढल्या. एक आणि दोन नंबरचे चालक आकडा कसाही बसवत, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. कुणाचाच नेम नाही. मग त्यांनी सर्वात वरचा, पहिल्या दोन वर्षांचा कप्पा उघडला. तीन नंबरची पहिली सीडी, आकडा तळाला. दुसरी, तळाला. दहावी, विसावी, तळाला. तो चालक स्टॅम्पर हातात घेताना आकडा नेहमी आपल्या पोटाशी धरत असे, आणि तसाच डायमध्ये सरकवत असे. पाठीचं दुखणं लागल्यावर त्याला दुसऱ्या विभागात हलवलं आणि तीन नंबर वस्तादांकडे आलं. आक्कांची तक्रार त्यानंतरची. तिचा पत्ता त्या चालकाला असण्याचं कारणच नव्हतं.

आक्का स्टुलावरून उतरल्या आणि त्यांनी कपाट लावलं. नाव मिळालं होतं. ते घ्यावंसं वाटत नव्हतं.

५

शनिवारी केबिनमध्ये खुर्च्या कमी पडल्या. मालक, गाणाऱ्या बाईंचा मुलगा, वस्ताद, पंडित, रंगारी. आक्कांनी टेबलावर तीन सीड्या मांडल्या.

“वस्ताद खोटं बोलताहेत,” त्या म्हणाल्या.

“आक्का!” वस्ताद उसळले.

“ओरडू नका, मशीन नाही मी. मशीन थांबलं त्या गुरुवारी दुपारी तुम्ही डोळे तपासायला दवाखान्यात गेला होतात. मी डॉक्टरांना विचारलं, पाऊण तास तिथे होतात. आलात तेव्हा मशीन थांबून परत सुरू झालं होतं. डायमधला पत्रा कसा बसलाय ते बघून तुम्ही ओळखलंत कुणी थांबवलं ते, आणि पांघरूण घालायला ओले दाणे लिहिलेत. पत्रा भंगारात नाही हे तुम्हाला तेव्हा कळलं. मग दुसराच कापून टाकलात आणि सही केलीत.”

त्यांनी आकड्यांची गोष्ट सांगितली. वरचा, तळाचा, आणि कपाटातल्या जुन्या सीड्यांवरचा. वस्ताद खाली बघत राहिले. कान लाल झाले होते.

“तळाला आकडा ठेवणारा माणूस पहिली दोन वर्षं तीन नंबरवर होता,” आक्का म्हणाल्या. “भर दुपारी, डाय गरम असताना, वीस मिनिटांत स्टॅम्पर बदलणारा वस्तादांखेरीज दुसरा माणूस इथे नाही. तो आता—”

“छपाईत आहे,” रंगारी उठून उभा राहिला. “बसा आक्का. तुमच्या तोंडून नको.”

मालकांनी हात कपाळाला लावला. “तू? का रे बाबा?”

“माझी आई गेली तेव्हा मी परगावी होतो. भांडून गेलो होतो. परत आल्यावर शेजारणीला विचारलं, शेवटी काय बोलली? ती म्हणाली, काहीतरी पुटपुटत होत्या खऱ्या, मी लक्ष नाही दिलं.” रंगाऱ्यानं हातावरचा रंग खरवडला. “आक्कांनी डबा खाताना बाईंचं बोलणं सांगितलं तेव्हा घास उतरला नाही. मग कळलं, ते कापायचं ठरलंय. भंगारात जायच्या आधी पत्रा उचलला. बंदरावर एकच दुकान आहे. म्हटलं, आईची शेवटची गाणी, ती मोठी घेईलच एखादी. छापल्या, पॅकिंगच्या बायका चहाला गेल्यावर पेटीतल्या बदलल्या. वस्तादांना मी एका शब्दानं काही सांगितलं नव्हतं. ते मला वाचवतील असं वाटलं नव्हतं.”

“शिकवलाय मी याला,” वस्ताद पुटपुटले. “आकडा वर ठेवायचं तेवढं राहिलं.”

गाणाऱ्या बाईंच्या मुलानं खुर्ची मागे सरकवली. तो बोलला तेव्हा आवाज चिरका झाला होता.

“तुम्हा सगळ्यांना माझ्या मोठ्या बहिणीची दया आली. माझं काय? पंधरा वर्षं मी आईचं अंथरूण काढलं, औषधं दिली, तिला मांडी देऊन बसवलं. ती घर सोडून गेली ती गेली. आणि आईनं शेवटी निरोप कुणाला दिला? तिला. माझं नावसुद्धा नाही. ते मी का विकायचं? मला ते एकदाही पुरतं ऐकवलं नाही, ताबडतोब बंद केलं.”

आक्कांनी चष्मा काढला.

“पुरतं ऐकवलं नाही? म्हणजे तुम्ही पुढचं ऐकलंच नाहीत?”

“पुढचं कसलं?”

६

मालकांनी स्वतः सीडी लावली. करकर, निरोप, “येऊन जा चार दिवस—” मुलाचा हात बटणाकडे वळला. आक्कांनी तो आपल्या हाताखाली धरून ठेवला.

मग शांतता. इतकी लांब, की कुणालाही वाटावं, संपलं. पाण्याचा घोट. ठसका. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा दबका प्रश्न, “बाई, ताईंची फार आठवण येते का?”

“आठवण कसली! माझ्यासाठी नव्हे रे. धाकटा थकलाय. पंधरा वर्षांत एक रात्र सलग झोपला नाही. मी सांगितलं तर ऐकत नाही. ती दटावणारी, तिचं ऐकेल. लहानपणीही तीच निजवायची त्याला. जगाची पोरं माझ्या गाण्यानं झोपली, हा मेला कधी झोपला नाही. तिनं थोपटलं की डोळा लागायचा. म्हणून म्हणते, तिनं यावं. त्याला निजवावं जरा.” थोडं थांबून, “हे त्याला नको सांगूस. रडत बसेल उगाच.”

यंत्र आपणहून थांबलं.

मुलगा रडत नव्हता. तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होता, पुन्हा पुन्हा, एकाच जागी. पंडित खिडकीकडे वळले. मुलानं विचारलं, “त्या पेटीतल्या किती खपल्या?”

“तेवीस दुकानात आहेत,” मालक म्हणाले. “परत आलेली एक ही.”

“म्हणजे तिनं घेतलेली नाही.” तो उठला. “ही मी नेतो. बंदरावर जायला गाडी किती वाजता आहे?”

“अडीचला,” रंगारी पटकन म्हणाला.

“तुला बरं माहीत!” मालक त्याच्यावर गरजले. “हुकूम नसताना मशीन थांबवतोस, गिऱ्हाइकाचा माल बदलतोस. आठ दिवस घरी बसायचं. आणि नवव्या दिवशी वेळेवर यायचं, समजलं? वस्ताद, खोटी सही पुन्हा करू नका. आता चार महिन्यांत कितीशा सह्या उरल्यात म्हणा.”

दारात मुलगा आक्कांपाशी थांबला. आक्कांनी त्याची उसवलेली कॉलर नीट केली. “जा. गाडी चुकेल.”

मोठी त्याच्याबरोबर आली ती चार दिवसांसाठी, राहिली तीन आठवडे. पहिले दोन दिवस तो झोपलाच, जेवायला उठवावं लागलं. तिसऱ्या दिवशी दोघं कडाडून भांडली, असं तिनंच नंतर आक्कांना सांगितलं. पुढे ती दर उन्हाळ्यात येत असे, आणि तो एकदाचा प्रवासाला गेला, एकटा, डोंगर बघायला. ते शेवटचं बोलणं कापू नका, असं दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी त्यानं लेखी दिलं.

वस्ताद चार महिन्यांनी सन्मानानं निवृत्त झाले. सात वर्षांनी झोपेत गेले. पंडितांनी चष्म्याच्या काचा घासायचं दुकान काढलं, तिथेही न विचारता सल्ला देत. लोकांनी सीड्या घेणं सोडल्यावर मालकांनी त्याच मशीनवर औषधांच्या डब्या काढायला सुरुवात केली, आणि अजून त्यांचं बरं चाललंय. रंगारी दुकानांच्या पाट्या रंगवतो. उशिरा लग्न झालं, एक मुलगी आहे, तिला त्यानं चित्रकलेच्या शाळेत घातलं.

आक्कांची पंचाहत्तरी उलटली. कानाला यंत्र लागलं. महिन्यातून एकदा बंदरावरून मोठीचा फोन येतो. गुडघे, भाज्यांचे भाव, शेजारपाजार. फोन ठेवायची घाई दोघींपैकी कुणालाच नसते.